दुसरी टक

“आबासाहेब, त्या दिवशी तुमची बंदूक का उडली नाही?”

प्रश्न माझा नव्हता. तो मनकर्णा आणि कस्तुरा ह्या दोघींचा होता, माझं फक्त तोंड. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झालं होतं, जिंतूरच्या आमच्या शाळेपुढं खडीसाखर वाटून झाली होती, आणि खैरदरीचे आबासाहेब पाहुण्याच्या खुर्चीत बसून रझाकारांच्या वेळची आपली मर्दुमकी सांगत होते. गढीच्या बुरजावर ते एकटे. हातात वडिलांची एकबारी रायफल. खाली ओढ्यातून रझाकारांचे घोडे चढायलेत. गोष्ट अशी रंगात आली आणि तिथंच संपली. लगेच “भारतमाता की जय.”

मनकर्णानं मला कोपरानं ढोसलं. “मग पुढं काय झालं? बार काढला का न्हाई? विचार की. वर्गात तर लय भाषणं ठोकतीस.”

“कशाची विचारतीय,” कस्तुरा म्हणाली. “विचारलंस तर माझ्या सगळ्या शेंगा तुला. पण भित्री हाय ही.”

मला भित्री म्हटलेलं चालत नाही. त्याच महिन्यात वक्तृत्वात मी अख्ख्या तालुक्यात पहिली आले होते, मुलग्यांना धरून, आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीला जरा कमीच टेकत होते. उठले आणि विचारलं.

आबासाहेबांनी मान तिरकी केली. “कोणाची गं तू?”

“वैजीनाथ लोहाराची कडू.”

“अस्सं!” ते हसले, आणि शेजारच्या तहसीलदारसाहेबांकडं वळले. “बघा साहेब, चोराच्याच घरून विचारणा! अगं पोरी, उडंल कशी? तुझ्या बापानं बसवलेली कमान मोडली. चाप ओढला, घोडा पडलाच न्हाई. हिच्या बापानं घात केला, न्हाईतर त्या दिवशी खैरदरीचा इतिहास येगळा झाला असता.”

सगळे हसले. तहसीलदार हसले म्हणून हेडमास्तर हसले, हेडमास्तर हसले म्हणून शाळा हसली. मनकर्णा आणि कस्तुरा तेवढ्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिल्या. माझे कान असे तापले की त्यांच्यावर भाकर भाजली असती. पण मी खाली बसले नाही.

“मग नवी कमान करून दिली, तर आता उडवाल?”

तहसीलदारांना मजा वाटली असावी. “वा! बोला आबासाहेब, आता तर परवानाही आहे तुमच्याकडं.”

“काढतो की,” आबासाहेब म्हणाले. जरा उशिरानं म्हणाले, हे माझ्या लक्षात आलं. “ह्या दसऱ्याला, सीमोल्लंघनाला, शिवेवर बार काढतो. सांग तुझ्या बापाला, ह्या खेपेला तरी कमान धड कर म्हणावं.”

शेंगा मिळाल्या. त्या मी वाटेत म्हशीला घातल्या.

घरी हे सांगायचं म्हणजे आगीत हात घालायचा होता, कारण आमच्या घरात ती कमान रोज ताटात वाढलेली असायची.

मी सहा वर्षांची असतानाची गोष्ट. तेव्हा आम्ही खैरदरीतच होतो, आमचं लोहारकामाचं छप्पर गढीच्या दारासमोर होतं. त्या उन्हाळ्यात रझाकार गावोगाव फिरत होते. गावानं ठरवलं, आबासाहेबांनी बुरजावर बसायचं आणि घोडे ओढ्यात दिसले की एक बार काढायचा. बार झाला की रानातल्यांनी डोंगराकडं पळायचं आणि वेशीवरच्या माणसानं वेस लावायची. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यासाठीच रायफलीत नव्या कमानी घालून दिल्या होत्या. आणि वेशीवरचा माणूस होता सूर्यभान, नानांचा थोरला भाऊ. रानातनं बायका-पोरं यायची होती म्हणून तो वेस उघडी ठेवून बाराची वाट बघत राहिला. बार झालाच नाही. घोडेच आले.

आबासाहेबांनी गावाला सांगितलं, कमान मोडली. गावानं ते मानलं. नानांनीही मानलं, हे सगळ्यात वाईट. आमचं बलुतं बंद झालं, आम्ही जिंतूरच्या बाजारामागं शेड भाड्यानं घेतली. सूर्यभानकाका वेशीतच मारले गेले. त्यांची बायको दैवशाला, जिला मी थोरली माय म्हणते, ती आमच्याबरोबर आली. जाणार कुठं? ती भाता ओढते, भाकरी थापते, मला न्हाऊ घालते. पण त्या दिवसापासून नानांशी एक शब्द बोललेली नाही. नाना लहान होते तेव्हा ती नवरी होऊन आली, तिनंच त्यांना कडेवर वागवलं, वैजू वैजू करत. आता समोर बसलेल्या नानांशी तिचं बोलणं माझ्यामार्फत चालायचं. “कडू, सांग तुझ्या बापाला, भाकर वाढलीय.” “कडू, सांग तुझ्या बापाला, कोळसा संपलाय.” नाना मान खाली घालून म्हणायचे, “सांग, आणतो.” मी दोघांच्या मधे बसून इकडचं तिकडं सांगायची, जशी काही भिंतच आहे.

तर त्या दिवशी मी शाळेत झालेलं सांगितलं. मायनं, म्हणजे माझ्या आईनं, गोजरबाईनं, हातातलं फडकं माझ्या पाठीत हाणलं. “गोजरबाईची पोरगी चारचौघांत मालकाला सवाल करती! आता उरलंसुरलं गिऱ्हाईक बी तोडतीस का?” थोरल्या मायनं भाता इतक्या जोरानं ओढला की ठिणग्या आढ्याला गेल्या.

नाना हातातली सांडशी चाचपत होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, समोरचा माणूस त्यांना धुक्यातल्यासारखा दिसतो. “करतो म्हणावं,” ते म्हणाले. “एवढी एक कमान नीट करू द्या मला. मग डोळे गेले तरी चालतील.”

पोळ्याच्या आधी आबासाहेबांचा कारभारी माणिकराव बैलगाडीतनं रायफल घेऊन आला. तांबड्या कापडात गुंडाळलेली, वर हार, जशी काही नवरीच पाठवणीला निघालीय.

“मोडकी कमान आतच हाय,” तो म्हणाला. “मालक म्हणले, ती बघून तशीच नवी कर. धाकटी बी बदल.” आणि जाताना मला बघून म्हणाला, “हीच का ती बोलकी साळुंकी?”

“साळुंकी चोचीनं डोळे बी फोडती,” मी म्हटलं. मायनं मला आत ढकललं.

ही जुनी रायफल म्हणजे साधं काम असतं. वर बोटभर लांबीचा लोखंडी घोडा. तो मागं ओढून अडकवायचा. खालचा चाप ओढला की घोडा धाडकन पडतो आणि काडतूस उडवतो. घोड्याला जोर देते ती मोठी कमान, पोलादाची चपटी पट्टी, चिमट्यासारखी मधोमध दुमडलेली. चापाला मागं लोटते ती धाकटी. हे सगळं एका बाजूच्या पट्टीखाली बंद असतं.

नानांनी दोन स्क्रू काढून पट्टी उचलली आणि नाकाला हात लावला. आत कुंकू होतं. हळद, तूप, अबीर, तेल, सगळं मिळून एक काळंतांबडं किटण झालं होतं. दर दसऱ्याला आबासाहेबांनी बंदुकीची पूजा केली होती. आतनं कधी पुसली मात्र नव्हती.

“ह्यांच्या बापानं डुकरं मारली हिनं,” नाना म्हणाले. “ह्यांनी नुसता नैवेद्य दाखवला.”

मग त्यांनी मोठ्या कमानीचे दोन तुकडे बाहेर काढले, अंगठ्यानं चाचपले, आणि थांबले. पुन्हा चाचपले. मोडलेल्या तोंडावर नख फिरवलं.

“कडू, उन्हात घेऊन जा. मोडल्या जागी रंग कसा दिसतो सांग.”

मी दारात गेले. “बाहेरून किटण हाय नाना. काळं. पण मोडल्या जागी राखाडी. चकाकतंय. साखरेवानी दाणेदार.”

“गंज?”

“टिपका बी न्हाई.”

“कुंकू गेलंय का तिथं? तूप?”

“कायबी न्हाई. धुतल्यावानी साफ.”

नानांचा आवाज बारीक झाला. “आन् मोडलीय कुठं? दुमडीत का पानात?”

मी नीट बघितलं. मोडलेली दुमडीत नव्हतीच. दुमड साबूत होती. लांब पानाच्या अर्ध्यात तुकडा पडला होता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना किटण खरवडून बारीक बारीक दात उमटले होते. “नाना, इथं कायतरी चावलंय हिला.”

“सांडशी,” नाना म्हणाले.

भाता थांबला होता. थोरली माय दांडा धरून तशीच उभी होती. मायच्या हातातलं पीठ वाळायला लागलं होतं.

“कमान आपणहून मोडली तर दुमडीत मोडती,” नाना सावकाश सांगायला लागले, कोणाकडंच न बघता. “जोर सगळा तिथं असतो. आन् त्या वर्षी मोडली असती तर एवढ्या दिवसांत तोंड गंजून काळं पडलं असतं, तूप आत शिरलं असतं. हिला सांडशीत धरून मोडलीय. महिना बी झाला नसंल.” त्यांनी तुकडा खाली ठेवला, पुन्हा उचलला. “मालक शाळंत कबूल करून बसला, मग मोडकी कमान दाखवावी तर लागणार. होती कुठं त्याच्याकडं मोडकी? माझी कमान त्या दिवशी साबूत व्हती. आजवर साबूत व्हती.”

आणि नाना रडायला लागले. मोठा माणूस रडताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि खरं सांगते, मला वाईट वाटलंच नाही. मला राग आला. असा राग, की दातांतनं लोखंडाची चव यायला लागली. ते मैदानातलं हसू आठवलं. खुर्चीत मागं रेललेला तो माणूस आठवला. आमच्या ताटात दगड वाढून हा बुरजावरच्या गोष्टी सांगत फिरतोय!

“कच्ची ठेवा!” मी ओरडले. “नाना, नवी कमान अशी करा की हातातच फुटंल. तुकडा डोळ्यात घुसू दे त्याच्या. चार गावांसमोर आंधळा होऊ दे!”

“गप,” माय म्हणाली, पण तिच्याही आवाजात दम नव्हता.

“न्हाई.”

हे थोरली माय बोलली. तिनं भात्याचा दांडा सोडला, नानांच्या समोर येऊन बसली, आणि मधे मी होते तरी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“वैजू,” ती म्हणाली.

नानांनी धुक्यातनं वर बघितलं.

“वैजू, फुटली तर त्याचंच खरं व्हईल. लोक म्हणतील, लोहाराची कमान मोडतीच. तू अशी कर की सात जन्मात मोडू नये. त्याच्या हाताला सबबच ठिवू नको. चार गावांसमोर उभा ऱ्हाऊ दे त्याला, आन् बार काढू दे. आन् बार निघाला की मी विचारीन, हीच बंदूक, हाच हात, मग त्या दिवशी काय झालं व्हतं.”

मला वाटायचं सूड म्हणजे आरडाओरडा. थोरली माय तो पीठ मळावं तसा शांतपणे मळत होती.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या शेडमधे दुसरं कामच झालं नाही. नानांनी भंगारातनं मोटारीच्या तुटक्या पाट्याचं एक पान काढलं. “ओझ्याखाली वाकून पुन्हा सरळ व्हायला शिकलेलं पोलाद हाय हे,” ते म्हणाले. थोरली माय भात्यावर, माय घणावर, नाना सांडशी आणि हातोडी घेऊन ऐरणीपुढं, आणि मी नानांचे डोळे. तांबडं झालं की मी सांगायचं. “जास्वंदीवानी झालंय नाना.” “काढतो. गोजरे, हाण!” माय घण हाणायची आणि दर घावाला दात खाऊन आबासाहेबांचं नाव घ्यायची. “हे घ्या मालक! हे घ्या!” थोरली माय हसली. मी तिला हसताना कधी बघितलंच नव्हतं. कडेचा एक दात पडलाय तिचा, हेसुद्धा मला तेव्हा कळलं.

पट्टी पातळ झाल्यावर कानस माझ्याकडं आली. “उभी चालव,” नाना सांगायचे. “आडवी एक रेघ ऱ्हायली तर उद्या तिथनंच तडकंल.” शाळेतनं आले की मी दप्तर फेकून कानस घ्यायची. मनकर्णा आणि कस्तुरा दारात येऊन बसायच्या.

“अगं, बोटं सोलली तुझी,” कस्तुरा म्हणाली.

“सोलू दे. तुझ्या शेंगांचं देणं हाय हे.”

“आमी गंमत म्हणून विचारायला लावलं व्हतं.”

“मी बी गंमतच करायलेय. दसऱ्याला बघायला या.”

पट्टी दुमडली, पुन्हा तापवली आणि करडईच्या तेलात बुडवली. चर्रर झालं, आणि शेडभर भजी तळल्यासारखा वास. आता ती काचेसारखी कडक झाली होती, टिचकीनं फुटेल अशी. पुढचं काम सगळ्यात नाजूक. घासून आरशासारखी करायची आणि मंद निखाऱ्यावर धरून रंग बघायचा. आधी ती गव्हाळ होते. मग तपकिरी. मग वांग्यासारखी. मग निळी. नेमक्या निळ्याला काढली तर ती वाकते आणि परत येते. आधी काढली तर फुटते, उशीर झाला तर मेणासारखी मऊ पडते.

“रंग तुझ्या हवाली,” नाना म्हणाले. “मला आता वांगं आन् गहू एकच.”

मी निखाऱ्यावर वाकले. गव्हाळ आला. खोटं कशाला बोलू, त्या गव्हाळ रंगावर ‘झालं’ म्हणावं असं माझ्या जिभेवर आलं होतं. एक शब्द, आणि आबासाहेबांच्या हातात ती फुटली असती. पण समोर थोरली माय बसली होती, ती निखाऱ्याकडं बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत होती. तपकिरी झाला. वांगी झाला. मग पट्टीच्या कडेकडनं एक निळाई पसरत आली, जवसाच्या शेतात सकाळी फुलं उमलावीत तशी.

“जवसाचं फूल!” मी ओरडले.

नानांनी पट्टी उचलून बाजूला ठेवली. गार झाल्यावर ती पकडीत धरून पूर्ण मिटवली आणि सोडली. टण्ण! मिटवली, सोडली. नाना मिटवतच राहिले. शेवटी थोरली माय म्हणाली, “बास वैजू, तिला बी दम खाऊ दे.” धाकटी कमानही तशीच झाली, तिचा त्रास कमी.

सगळं साफ करून बसवल्यावर नानांनी घोडा मागं ओढला. टक. “ही पहिली टक, इसाव्याची,” ते मला म्हणाले. “खांद्यावर बंदूक टाकून रान हिंडायचं ते हिच्यावर. आता चाप ओढून बघ.” मी ओढला. दगडावानी घट्ट. “कितीबी ओढ, घोडा पडायचा न्हाई. आता पुन्हा मागं घे.” मी दोन्ही अंगठे लावून ओढला. टक. “ही दुसरी, बाराची.” चाप ओढला तर घोडा असा पडला की माझे दात वाजले. मग त्या संध्याकाळी मी नुसतं टक आणि टक करत बसले, माय ओरडेपर्यंत.

दसऱ्याला आम्ही भाड्याच्या गाडीतनं खैरदरीला गेलो. जिंतुरापासून दोन कोस, पण इतक्या वर्षांत आम्ही तिकडं पाऊल टाकलं नव्हतं. गढीच्या दारासमोर आमची जागा तशीच मोकळी पडली होती. ऐरणीचा ओंडका पुरलेला खड्डा, त्यात तरवड उगवलेला. वेशीतनं जाताना थोरल्या मायनं गाडीतनं हात काढून लाकडाला लावला आणि काढून घेतला.

शिवेवर सगळा गाव जमला होता, आजूबाजूच्या वाड्यांचे लोकही. आपट्याची पूजा झाली. समोर बांधावर एक मडकं ठेवलं होतं. आबासाहेब जरीचा फेटा बांधून पुढं आले. नानांनी रायफल त्यांच्या हातात दिली आणि वाकून म्हणाले, “मालक, हिचा घोडा दोन—”

“तू लोहार हायस, लोहारावानी ऱ्हा,” आबासाहेब मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “बंदूक आमच्या बापजाद्याची हाय. तू काय शिकवतो?”

नाना मागं सरले.

आबासाहेबांनी काडतूस भरलं. बंदूक खांद्याला लावली. घोडा मागं ओढला.

टक.

मी दुसरीची वाट बघितली. ती आली नाही. शेजारी नानांनी झटकन मान वर केली, डोळे जसे अधू तसे त्यांचे कान तिखट.

आबासाहेबांनी चाप ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. फेट्याखालनं घामाची धार आली. दोन बोटं लावून ओढला. बंदूक हलली, मडकं आपलं बसलेलं.

“मोडली!” आबासाहेब ओरडले, आणि तोंडावर काय सुटका झाल्याचा आनंद! “बघा! बघा! पुन्हा मोडली! मी सांगत व्हतो का न्हाई? त्या दिवशी बी अशीच! चाप ओढला, घोडा पडलाच न्हाई!”

गावात गलका झाला. कोणीतरी थुंकलं. आणि नाना माझा दंड धरून पुटपुटले, “एकच टक. कडू, एकच टक. त्या दिवशी बी एकच.”

तेव्हा माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं. हा माणूस बुरजावर भीतीनं कापत पहिल्या टकेवर चाप ओढत राहिला होता. मागनं कमान साबूत दिसली असेल, तरी का उडली नाही ते ह्याला कळलं नाही, आणि विचारायचं कोणाला? विचारलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. म्हणून आम्हाला पुरलं. अजूनही ह्याला माहीत नव्हतं!

मी सरळ चालत गेले आणि त्यांच्या हातातनं रायफल काढून घेतली. ते इतके दचकले की त्यांनी सोडली.

“ए पोरी, ठिव ती खाली!” पोलीस पाटील आप्पाराव धावले. थोरली माय त्यांच्या आडवी आली.

“वाजवू द्या तिला, पाटील. माझ्या नवऱ्याचा बार हाय त्यो. लय दिवस थकलाय.”

पाटील थांबले.

मी वळून गावाकडं तोंड केलं. वक्तृत्वाचा आवाज लावला. “ऐका! ही पहिली टक. हिच्यावर बंदूक झोपलेली असते. आबासाहेब हिच्यावरच चाप ओढतात.” मी ओढून दाखवला. “आणि ही दुसरी.” अंगठे लावून घोडा मागं घेतला. टक. इतकी शांतता होती की ती टक शेवटच्या माणसाला ऐकू गेली. बांधाकडं वळले, डोळे मिटले आणि चाप ओढला.

मडक्याला काही झालं नाही. मी कुठली नेमबाज! मी मात्र मागं आपटले, खांदा निखळला असं वाटलं. पण आवाज! तो डोंगराला लागून परत आला, ओढ्यातनं फिरला, कावळे उठले, बैलांनी दावी ओढली. आवाज विरला तरी कोणी हललं नाही. म्हातारी माणसं वेशीकडं बघत होती.

“आता लावा वेस,” थोरली माय म्हणाली.

मग ती आबासाहेबांसमोर गेली. दसऱ्याला आपट्याचं पान देतात तशी मूठ पुढं केली. “सोनं घ्या मालक.” सवयीनं त्यांनी हात पसरला. तिनं त्यात मोडक्या कमानीचे दोन तुकडे ठेवले. “सांडशीचे दात हायत त्याच्यावर. घरी जाऊन तुमच्या सांडशीला लावून बघा, बसतेत का.”

आमच्याकडं रीत आहे, पहिलं सोनं मालकाला द्यायचं, मग बाकीच्यांनी एकमेकांत. त्या दिवशी आबासाहेब हात पसरून उभे होते आणि त्यांच्या हातात एक पान पडलं नाही. माणिकरावसुद्धा दुसरीकडं बघत होता. आप्पाराव पाटील पहिले निघाले ते थेट नानांकडं. “सोनं घे वैजीनाथा.” आणि मग रांग लागली. नानांची ओंजळ भरली, धोतराचा ओचा भरला. त्यांना माणसं दिसत नव्हती, ते आवाजावरनं नावं घेत होते. जाताना पाटील म्हणाले, “तुझी जागा अजून मोकळीच हाय बरं का.” नाना म्हणाले, “बघू.”

मागं वळून बघितलं तर जरीचा फेटा एकटाच गढीकडं जात होता. मी पोटभर बघून घेतला. मला त्याची जरासुद्धा दया आली नाही, अजूनही येत नाही.

घरी आल्यावर मायनं माझ्या खांद्याला हळद लावली. खांदा निळा झाला होता, अगदी कमानीचा निळा. थोरल्या मायनं भाकरी टाकली. “वैजू, ऊन हाय तवर खा,” म्हणाली, आणि माझ्याकडं बघून, “तू काय बघतीस, तुला बी वाढू का सांगायला माणूस पाठवू?”

“झालं,” नाना जेवता जेवता म्हणाले. “देवानं बघितलं. आता कोणाचं नाव काढायचं न्हाई. आपण बरं, आपली शेड बरी.”

“तेच म्हणते मी,” माय म्हणाली. “सगळं मिटलं.”

“मिटलं न्हाई,” मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी ताटावरनं उठले. वक्तृत्वाचा आवाज लावायची गरजच पडली नाही.

“नाना, माय, मी ठरवलंय. आपण खैरदरीला परत जायचं. दिवाळीच्या आत. त्याच जागेवर, गढीच्या दारासमोर छप्पर घालायचं. तो तरवड मी उपटते, खड्डा मी उकरते, ओंडका पाटलाकडनं मी मागून आणते. जिवंत असेपर्यंत रोज सकाळी त्या माणसाचे डोळे आपल्या ऐरणीच्या आवाजानं उघडले पाहिजेत. दार उघडलं की समोर आपण. शाळेची काळजी करू नका, दोन कोसच हाय. मी चालत येत जाईन.”